आई कशानं गेली

१५ जून १९९७, रविवार. भिंगार

आज दुपारी लंकाबाई माझ्या बहिणीला माझ्या दारात ठेवून गेली. कपड्यांच्या पिशवीसकट.

वर्गातल्या एका पोरीची अर्धवट सोडलेली प्रयोगवही घरात पडून होती, तिच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. मुलांना मी सांगते, निरीक्षण लगेच लिहा, तारीख घाला, मागाहून आठवून लिहिलेलं खोटं असतं. म्हणून नावानिशी लिहिते. पुढे कुणी म्हणायला नको की सारा बाईंनी रचून सांगितलं.

आराधना, आमची आरू, एकतीस वर्षांची. सात वर्षांपूर्वी जामखेडला दिली. नवरा अँड्र्यू तिथल्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. लंकाबाई सासू. मुलगी रूथ, सहा वर्षांची. आई-वडील नसल्यामुळे लग्न मीच ठरवलं होतं, म्हणजे आता परत करायलाही मीच सापडले.

लंकाबाई पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "बाई, ही चालता चालता पडती. परवा उकळतं दूध हातातनं सुटलं, पोरीच्या अंगावर जाता जाता ऱ्हायलं. तुमी शिकल्यासवरल्या. इलाज करा. बरी झाली की न्यायला यिऊ."

"आणि नाही झाली तर?"

"देव बघंल."

"रूथ कुठंय?"

"पोरीची शाळा हाय. ती माज्यापाशी ऱ्हाईल."

आईला लेकरापासून तोडलं आणि वर शाळेचं नाव. अँड्र्यू सबंध वेळ उंबऱ्याशी उकिडवा बसून आरूच्या चपलेला मागून इलॅस्टिक शिवत होता. डाव्या पायातली चप्पल निसटते म्हणे, म्हणून दाभण-दोरा बरोबर घेऊन आला होता. बायको दारात टाकायची आणि चपलेची काळजी करायची! मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना तो म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी येतो." मी दार लावून घेतलं.

१८ जून, बुधवार

नगरमधल्या नावाजलेल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आरूला तपासायच्या आधी विचारलं, "सासूशी पटतं का?" मग, "दुसरं मूल का नाही?" गुडघ्यावर एकदा हातोडी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काही नाही, बायका मनावर घेतात. ताकदीची इंजेक्शनं देऊ."

मी म्हटलं, "डॉक्टर, एप्रिलमध्ये हिचा उजवा डोळा तीन आठवडे धूसर झाला होता. डोळाही मनावर घेतो का?"

ते हसले. मी जीवशास्त्र शिकवते हे सांगितल्यावर आणखी हसले.

घरी येताना सिक्स सीटरमध्ये आरू हळूच म्हणाली, "ताई, मान खाली घातली ना, की पाठीतून पायापर्यंत करंट जातो. प्रार्थनेला डोकं खाली केलं की हमखास."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

दोन वर्षं! कुणाला सांगितलं नाही. इतकं सोसायला हिला शिकवलं कुणी? मान खाली घातली की वीज. हे वाक्य मी पूर्वी कुठंतरी ऐकलंय. असो.

२ जुलै, बुधवार. पुणे

एम.आर.आय. झाला. मेंदूच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. करड्या मेंदूत पांढरे ठिपके, भिंतीवर चुना उडावा तसे. आजाराला नाव आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरवर प्लास्टिकचं वेष्टण असतं तसं मज्जातंतूंवर असतं. ते शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा कुरतडून टाकते. का, ते माहीत नाही. आपल्या देशात कमी दिसतो म्हणाले. म्हणजे दिसत असेल तिथंही ताकदीची इंजेक्शनं देऊन घरी पाठवत असतील.

हे डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी आरूशी बोलताना आरूकडे बघितलं. तिला विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही? आई, मावशी, आत्या?"

"नाही," मी म्हटलं.

आरू फिल्मकडे बघत होती.

पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड देणार.

१३ जुलै, रविवार

औषधानं फरक आहे. भिंतीला न धरता मोरीपर्यंत जाते.

उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले. प्रार्थना केली, ती चांगली केली. आरूला बरं वाटलं. मग चहा पिता पिता म्हणाले, "सारा बाई, कधी कधी घराण्यात पिढ्यांचं काहीतरी असतं. पूर्वजांकडून आलेलं. ते उघड करून कबूल केलं की मोकळं होतं."

"आमच्या घराण्यात कुणी काहीही केलेलं नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी, प्रभुदासांनी, तीस वर्षं लष्कराच्या डेपोत कारकुनी केली आणि एक टाचणी घरी आणली नाही. कुठलं पाप शोधताय?"

"मी पाप म्हणालो नाही, बाई."

"मग काय म्हणालात?"

चहा अर्धा ठेवून गेले. आरू म्हणाली, "ताई, ते साधंच बोलत होते." ही सगळ्यांचंच साधं ऐकते.

अँड्र्यू आज आला होता. चौथा रविवार. अर्धा तास बाहेरच्या खोलीत बसला. "ताई, एक बोलायचं हुतं," म्हणाला. मी म्हटलं, रूथला घेऊन या, मग बोला.

१७ ऑगस्ट, रविवार

गुन्हेगार सापडला!

भारतीचं पाकीट आलंय. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे बारावीला होती, इथल्याच बौद्ध वस्तीतली. सबंध वर्गात हीच एक प्रश्न विचारायची. आता पुण्यात विषाणूंवर पीएच.डी. करते. आरूचं तिला कळवलं होतं. तिनं परदेशी नियतकालिकातल्या एका ताज्या लेखाची झेरॉक्स पाठवली आहे. फ्रान्समधल्या संशोधकांना याच आजाराच्या रुग्णांमध्ये एका विषाणूच्या खुणा मिळाल्या आहेत. दोनदा वाचला. अर्धा समजला नाही, पण जो समजला त्यानं मी उभी राहिले.

विषाणू! मन नाही, सासू नाही, पूर्वजांचं पाप नाही. त्या नगरच्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन आपटणार आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

घाई केली. आज तिसऱ्यांदा नीट वाचला, डिक्शनरी घेऊन.

हा विषाणू बाहेरून आलेला साधा विषाणू नाही. त्याचे नातेवाईक आपल्या आतच आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी, माणूस माणूस होण्याच्याही आधी, काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि त्यांनी आपला मजकूर तिथल्या डीएनएत घुसडून दिला. तिथून तो आईबापांकडून लेकरांकडे, पुन्हा त्यांच्या लेकरांकडे, आजतागायत. बहुतेक मोडका, मुका. पण या आजारात त्याच्यासारखंच काहीतरी जागं झालेलं दिसतंय.

म्हणजे पिढ्यांचं काहीतरी. पूर्वजांकडून आलेलं. पाळकसाहेबांचेच शब्द! वही भिरकावून द्यावीशी वाटली.

आरू कॉटवर बसून होती. तिनं विचारलं म्हणून सांगायला बसले. ती मंडळीतल्या बायकांसाठी भजनांच्या वह्या उतरवून देते, म्हणून तेच उदाहरण घेतलं. "समज, फार पूर्वी कुणीतरी आगंतुकानं भजनाच्या वहीत मध्येच आपली ओळ लिहिली. पुढच्यानं वही उतरवली तेव्हा तीही उतरवली. त्याच्या पुढच्यानंही. आता सगळ्या वह्यांत ती आहे. कुणी ती गात नाही, पण आहे."

"सगळ्या वह्यांत? तुझ्यातपण?"

"माझ्यातपण."

"सासूबाईंच्यात?"

"लंकाबाईंच्यात तर असणारच. असल्या हजारो ओळी आहेत."

आरू खो खो हसली. जूनपासून पहिल्यांदा. मग हसू थांबलं आणि म्हणाली, "म्हणजे रूथमध्येपण."

मी चहा ठेवायला उठले.

३१ ऑगस्ट, रविवार

अँड्र्यू आज रूथशिवायच आला. म्हणे, "आई सोडत न्हाई तिला, ताई. ती भ्याली हाय. म्हणती पोरगी तिकडं गेली तर परत येणार न्हाई."

इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या आईचा मुलगा आहात. हिचा नवरा कधी झालाच नाहीत. इथं येऊन शेंगदाण्याचे लाडू ठेवता आणि जाता. पुन्हा येऊ नका. यायचं तर मुलीला घेऊन या, नाहीतर वकिलाला."

तो उभा राहिला. खिशातून काहीतरी कागद काढत होता तो परत आत ठेवला. आतल्या खोलीकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "आरू, निघतो गं." आणि गेला.

बरं केलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

आरू दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. माझ्यासाठी नव्हतं बोललेलं ते!

९ सप्टेंबर, मंगळवार

भारतीला पत्र टाकलं. आरूचं, माझं आणि रूथचंही रक्त तपासून दे म्हटलं. कोणाच्यात ती ओळ जागी आहे ते एकदा कळू दे. कागदावर आलं की लंकाबाईच्या तोंडावर फेकता येईल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

भारतीचं उत्तर. जसंच्या तसं उतरवते.

"मॅडम, रक्त पाठवू नका. अशी कुठली चाचणीच नाही. तो जुना मजकूर तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांतच सापडेल, त्यावरून एका माणसाबद्दल काहीच सांगता येणार नाही. शिवाय तो जागा झाल्यामुळे आजार होतो, की आजारामुळे तो जागा होतो, हे अजून कुणालाच माहीत नाही. कदाचित दोहोंचा काही संबंधच नसेल. दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणजे एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. एक विचारू का? आराधनाताईंबरोबर तुमचं आणि रूथचंही रक्त का तपासायचं होतं? घरात आणखी कुणाला होतं का?"

शिकवली ती चूक झाली. माझेच शब्द मला परत पाठवते. मी उत्तर मागितलं होतं आणि ही मलाच प्रश्न विचारते. तिला काय करायचंय आमच्या घराशी?

उत्तर लिहिलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातलं जाईल.

आई चार-पाच वर्षं अंथरुणाला होती. मी अकरा वर्षांची होते तेव्हा तिची पावलं अडखळायला लागली, सोळा वर्षांची झाले तेव्हा ती गेली. आधी एक डोळा अंधारला, तो परत आला. मग पाय. मग हात. लष्कराच्या डेपोच्या लाईनीतल्या खोल्या होत्या आमच्या, शेजारणी म्हणायच्या करणी झाली. वडील म्हणायचे अशक्तपणा आहे. पाहुणे आले की ते आतल्या खोलीला बाहेरून कडी घालायचे. पाहुण्यांना सांगायचे, बाजारात गेलीय. आई आतून सगळं ऐकायची आणि गप्प बसायची. मी तिला पाठीवर घेऊन संडासला न्यायचे, लाईन जागी व्हायच्या आत. तिनंच सांगितलं होतं मला, मान खाली घातली की वीज चमकते गं सारा.

शेवटी ताप आला. बारा दिवस. डॉक्टरांनी कागदावर विषमज्वर लिहिलं.

म्हणजे लंकाबाईनं लग्नाच्या बोलणीत विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नाही. ती विषमज्वरानंच गेली. पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं तेही खोटं नाही, कारण आईला तेच होतं असं कुणी कुठं लिहिलंय? फिल्म काढली होती का तिची? आरू तेव्हा पाच वर्षांची होती, तिला काही आठवत नाही. आठवू दिलं नाही मी. सगळं एकटीनं उचललं. वडिलांनी कडी घातली, ती मी फक्त उघडली नाही. यात माझा काय गुन्हा?

डोक्यातलं गेलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

क्रमानं लिहिते.

अकराच्या सुमारास लंकाबाई आली, मागे अँड्र्यू, त्याचं बोट धरून रूथ. रूथ धावत आत गेली आणि आरूच्या मांडीत शिरली. लंकाबाई उभीच.

"फशिवलं तुमी आमाला," म्हणाली. "तुमच्या लाईनीतली भागिरथी आता जामखेडात लेकीकडं असती. तिनं सगळं सांगितलं. हिची आई लुळी हुती. कोंडून ठिवत हुता तुमी."

मी लेखाची झेरॉक्स आणली आणि तिच्यापुढे धरली. "हे बघा. छापून आलंय. ज्यानं हा आजार होतो असं म्हणतात ना, ते सगळ्या माणसांत असतं. तुमच्या रक्तातसुद्धा. तुमच्या मुलाच्या रक्तातसुद्धा." भारतीनं काय लिहिलं होतं ते मला ठाऊक होतं. तरी बोलले.

"मला वाचाया येत न्हाई," लंकाबाई म्हणाली. "पर आई कशानं गेली ह्ये सांगाया वाचाया लागत न्हाई, बाई. सांगा. कशानं गेली?"

"विषमज्वरानं." आईचं दुखणं तिसऱ्यांदा नाकारलं.

"ताई, पुरे," आतून आरू म्हणाली. दार धरून उभी होती, रूथ तिच्या कमरेला. "सासूबाई, आईला हेच होतं. मला आठवतंय. मी तिच्या कुशीत झोपायचे. ती माझा हात हातात घ्यायची आणि विचारायची, आरू, हा तुझा हात आहे की माझा? मला वाटायचं खेळ आहे. मी हसायचे."



मग अँड्र्यू बोलला. "आई, मला म्हाईत हुतं. साखरपुड्याच्या आदीच हिनं मला सांगितल्यालं. म्हणली, आमच्या घरात असं झालेलं हाय, मलाही हुईल कदाचित, इचार करून सांगा."

"आन् तू मला बोलला न्हाईस?"

"तू नगं म्हनली असतीस."

लंकाबाई खाली बसली. मला वाटलं होतं ती आता शिव्या देईल. ती रडायला लागली. "पोरीला कोन बघंल रं? माजं गुडघं गेल्यात. ही पडली तर मला उचलत न्हाई. म्हणून आणून सोडली हितं. मी दोघींना कशी उचलू?"

मी पाण्याचं विचारलं नाही. आरूनं भिंत धरत धरत माठापर्यंत जाऊन तांब्या भरला. येताना निम्मं सांडलं. लंकाबाई उरलेलं प्यायली.

२० ऑक्टोबर, सोमवार

सात वर्षं! सात वर्षं मी ते खोटं सांभाळलं. जामखेडहून कुणी भिंगारला येणार म्हटलं की कोण भेटेल, काय बोलेल याचा हिशोब करत बसायचे. जुन्या लाईनीतल्या बायका बाजारात दिसल्या की रस्ता बदलायचे. आणि त्या दोघांना सगळं ठाऊक होतं! तिनं सांगितलं, त्यानं ऐकलं, दोघांनी लग्न केलं आणि मजेत राहिले. मला एका शब्दानं कळवायचं नाही?

आरूला विचारलं. ती म्हणाली, "तू आईचं नाव काढलं की उठून चहा ठेवायला जायचीस. कधी सांगणार होते?"

मी कॉलेजला निघून गेले. पहिल्या तासाला एका पोराला उगीच वर्गाबाहेर काढलं.

९ नोव्हेंबर, रविवार

आरू गेली. जामखेडला नाही, शेवगावला.

अँड्र्यूनं शेवगाव डेपोत बदली मागून घेतली होती. अर्ज जूनमधला, तिला इथं सोडून गेला त्याच आठवड्यातला. जामखेडच्या घराला सात पायऱ्या आहेत. शेवगावला डेपोजवळ तळमजल्यावर खोल्या मिळाल्यात, आत नळ, दारापर्यंत रिक्षा जाते. मोरीत धरायला त्यानं लोखंडी नळी बसवली आहे. दर रविवारी तो हेच सांगायला येत होता. बदलीचा कागद ऑगस्टमध्येच खिशात घेऊन आला होता. मी त्याला वकील आण म्हटलं.

तरी राग जात नाही. त्यानं ठामपणे सांगायचं की! दारातून हाकललं तर खिडकीतून सांगायचं. इतकं मऊ कशाला राहायचं माणसानं?

मी आरूला म्हटलं, "इथं नगरला सगळं आहे, पुणं जवळ आहे, मी रजा काढते. तू थांब."

ती पिशवी भरत होती. थांबली आणि म्हणाली, "ताई, तू मला मोठी केलीस. पण मला आता माझंच अंग सांभाळायला बळ पुरत नाही, तुझा राग कुठं सांभाळू? इथं मला रोज बघावं लागतं, आज ताई कुणावर चिडलीय. तिकडं पडले तर पडले, उठवतील."

काठी घेऊन रिक्षात बसली. काठीही त्यानंच आणलेली. लंकाबाई महिनाभर त्यांच्याबरोबर राहणार आहे म्हणे, चुलीपाशी बसून सांगण्यापुरती.

मला कुणी काही विचारलं नाही. खोली इतकी मोठी आहे हे माहीत नव्हतं.

३ डिसेंबर, बुधवार

बारावीला अनुवंशाचा धडा. वाटाण्याचे दाणे गोल आणि सुरकुतलेले. अठरा वर्षं तेच शिकवतेय. आज पुस्तक मिटलं आणि त्या जुन्या विषाणूंचं सांगितलं. कसे शिरले, कसे उतरत आले, कसे सगळ्यांत आहेत. आजाराचंही सांगितलं, आणि हेही सांगितलं की अजून कुणालाच नक्की माहीत नाही. भारतीचं वाक्य वापरलं, माझं म्हणून.

मागच्या बाकावरची माधुरी म्हणाली, "मॅडम, मग ते काढून नाही टाकता येत?"

"नाही. ते बाहेरून आलं, पण आता आपल्यात कुठं ते संपतं आणि कुठं आपण सुरू होतो, हे सांगणं अवघड आहे."

स्टाफरूममध्ये प्राचार्य म्हणाले, "बाई, हे परीक्षेला येणार आहे का?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला आलंय." ते वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. घाला.

भारतीला उत्तर लिहिलं. तिच्या प्रश्नाचंही. एकाच ओळीत, पण लिहिलं.

११ जानेवारी १९९८, रविवार. शेवगाव

इथं पहिल्यांदाच आले. नोव्हेंबरपासून अँड्र्यूची तीन पत्रं आली, तिन्हीत "ताई, या." हट्टानं आले नव्हते.

आरू बरी नाही. डिसेंबरात पुन्हा झटका येऊन गेला, उजवा हात आता जड आहे. मला कळवलं नाही, मी चिडेन म्हणून. मी चिडलेच. खाली बसून ती डाव्या हातानं वांगी चिरत होती, वेडीवाकडी. लंकाबाईचा महिना अजून संपलेला नाही; ती बाजूला बसून "बारीक कर गं, बारीक कर" म्हणत होती आणि स्वतः काही करत नव्हती. माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

जेवणानंतर मी पायरीवर उन्हात बसले. रूथ शेजारी येऊन बसली. पाटीवर काहीतरी गिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, आईला झालंय ते मला होणार का?"

'नाही' हा शब्द माझ्या तोंडात तयार असतो. तीस वर्षांची सवय आहे. दाताशी आला.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बहुतेक नाही होणार. शंभर मुलं घेतली तर दोघा-तिघांना होतो. पण तुला नक्की होणार नाही, असं मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही."

तिनं विचार केला. "आजी म्हणते, आईच्या आईला होतं."

"होतं."

"तू बघितलंस?"

"मी तिला पाठीवर घेऊन न्यायचे."

"मग तिला कुणी शाळेत चिडवायचं का?"

"ती मोठी होती. तिला आम्ही आत ठेवायचो. कुणाला दिसू द्यायचो नाही. चूक होती ती."

रूथनं पाटी पुसली. पेन्सिल नीट धरली आणि म्हणाली, "तिचं नाव काय होतं?"

मला एकदम आठवेना. खरंच आठवेना. आई, आई, आई एवढंच. वडील हाक मारायचे ते आठवावं लागलं, दूर, भिंतीपलीकडून आल्यासारखं. इतकी वर्षं घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

"चांगुणा," मी म्हटलं.

"चांगुणा!" रूथला फार गंमत वाटली. "हे कसलं नाव!" ती पाटी टाकून आत पळाली आणि सबंध चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, तुझ्या आईचं नाव चांगुणा होतं!"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"कुणी सांगितलं तुला?" आरूनं विचारलं.